गरिबीची रेषा जिथे आखली, त्या गावात एक सत्र

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात एका सत्रासाठी जायचं पक्कं झालं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न टाकला, "फी माफ आहे म्हणतेस, मग खर्च कशाचा?" बाबा बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत. त्यांना आधी आकडा लागतो, कौतुक नंतर.

मी वही घेऊन बसले. एक्स्चेंजचा, म्हणजे दोन विद्यापीठांनी विद्यार्थ्यांची अदलाबदल करण्याचा, हिशेब असा: फी आपण आपल्या पुण्यातल्याच संस्थेत भरायची, तिकडे भरायची नाही. तिकडचा कुणी इकडे आला तर तोही त्याची फी तिकडेच भरणार. (आमच्या वर्षी तिकडून कुणी आलं नाही, ते सोडा.) राहणं, जेवण, विमान, विमा, व्हिसा हे मात्र ज्याचं त्याने. शिष्यवृत्तीतून विमानाचं तिकीट आणि खोलीभाड्याचा मोठा हिस्सा निघत होता, उरलेल्यासाठी बाबांनी पतसंस्थेतून उचल घेतली. "तिकडं पार्टटाइम करून भागव की," असं भावकीतल्या प्रत्येकाने सांगितलं. तर ते जमत नाही. सहा महिन्यांच्या आतलं शिक्षण असेल तर बहुतेकांना व्हिजिटर म्हणूनच पाठवतात आणि त्या व्हिसावर एक तासही काम करता येत नाही. तीन वर्षांच्या पदवीला आलेली मुलं कॅफेत आठवड्याला वीस तास करू शकतात, आपण नाही. अर्ज भरणाऱ्यांनी हे आधी वाचावं. मला ते व्हिसाची कागदपत्रं जुळवताना कळलं, तोवर घरात पेढे वाटून झाले होते.

भाडं सोडून आठवड्याला चाळीस पौंड, असं ठरलं. पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या थोडा वर होता.

यॉर्क म्हणजे लंडनहून उत्तरेला रेल्वेने दोन तासांच्या आतलं गाव. स्टेशनचं छप्पर लांबलचक आणि वळणदार, १८७७ सालचं, आणि बाहेर पडलं की समोर गावाचा तट. रोमन लोकांनी वसवलेलं हे ठाणं. कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून पहिल्यांदा पुकारलं ते इथेच, ३०६ मध्ये. कॅथीड्रलबाहेर तो आरामात रेलून बसलेला आहे, ब्राँझचा. पर्यटक हे सगळं बघायला येतात आणि त्यांनी ते बघावंच. तटावरून चालायला पैसे पडत नाहीत, रेल्वे म्युझियम फुकट आहे आणि तिथे १९३८ मध्ये ताशी १२६ मैल धावलेलं मॅलार्ड इंजिन उभं आहे. आमचं विद्यापीठ मात्र तटाबाहेर, हेस्लिंग्टनला. १९६३ सालचं, म्हणजे त्या गावाच्या मानाने कालचं. काँक्रीटच्या ठोकळेवजा इमारती, मध्ये मोठं तळं आणि तळ्याकाठी हंस-बदकांचं राज्य. बदकं रस्ता ओलांडत असली की बससुद्धा थांबते.

मी यॉर्क निवडलं ते या कशासाठीच नाही. अर्थशास्त्राच्या एम. ए. ला आम्हाला दारिद्र्यरेषा शिकवतात, पेपरात दर वर्षी त्यावर प्रश्न येतो आणि उत्तराची सुरुवात बहुतेक जण सीबोम राउनट्रीपासून करतात. हा माणूस यॉर्कचा. राउनट्रींच्या चॉकलेट कारखान्याच्या मालकाचा मुलगा. किटकॅट याच कारखान्यातून १९३५ मध्ये निघालं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. १९८८ मध्ये कंपनी नेस्लेने घेतली, पण किटकॅट यॉर्कमध्ये अजून बनतं. तर या सीबोमने १८९९ मध्ये गावातल्या कामगारवस्तीत घरोघर माणसं पाठवली. ११,५६० कुटुंबं, ४६,७५४ माणसं. नमुना पाहणी नाही, जवळजवळ प्रत्येक दार. १९०१ मध्ये पुस्तक आलं.

त्याचा हिशेब बाबांना फोनवर सांगितला तेव्हा त्यांना तो फार आवडला. नवरा, बायको, तीन मुलं. आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. त्यात अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, भाड्याला ४ शिलिंग, कपडे-जळण-दिवाबत्ती वगैरेला ४ शिलिंग ११ पेन्स. "बरोबर जमतं," बाबा म्हणाले. त्यांनी बेरीज मनातल्या मनात केली होती, आणि तीही बारा पेन्सांचा शिलिंग धरून. एवढं ज्याच्या हातात येत नाही तो सरळसरळ गरीब. असे निघाले गावाच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. आणि ज्यांच्या हातात येतं, पण दारूत, जुगारात किंवा घरखर्चाची घडी नीट न बसल्याने वाहून जातं, तेही धरले तर जवळजवळ २८ टक्के. साम्राज्याच्या ऐन भरात, इंग्लंडमधल्या बऱ्यापैकी गावात, दर चार माणसांमागे एकाहून जास्त. यॉर्कच्या बिगारी मजुराला तेव्हा आठवड्याला १८ ते २१ शिलिंग मिळत. म्हणजे माणूस दारूला न शिवता रोज कामावर गेला तरी तीन मुलं असली की तो रेषेखालीच. राउनट्रीने हेच ठणकावून सांगितलं, आळसाने गरिबी येते म्हणणाऱ्यांना.

आता ती रेषा केवढी कडक होती ते बघा. अन्नाचा तक्ता त्याने वर्कहाउसच्या शिध्यावरून बेतला. वर्कहाउस म्हणजे निराधारांना राबवून पोसायची सरकारी घरं. ताज्या मांसाला त्यात जागा नाही. आणि या रकमेत जगणाऱ्या कुटुंबाने काय काय करायचं नाही, याची यादी त्याने स्वतःच दिली आहे: बसला किंवा रेल्वेला पैसा घालवायचा नाही, वर्तमानपत्र विकत घ्यायचं नाही, बाहेरगावी असलेल्या मुलांना पत्र टाकायचं नाही कारण टपालखर्च परवडणार नाही, चर्चमध्ये वर्गणी द्यायची नाही, बापाने तंबाखू ओढायची नाही, आईने स्वतःला किंवा मुलांना काही छान कपडा घ्यायचा नाही. हे तो उपदेश म्हणून सांगत नव्हता. एवढं सगळं तोडूनही इतकी माणसं रेषेखाली राहतात, हे त्याला ऐकवायचं होतं.

हा उतारा मी पुण्यात नोट्समध्ये दोन ओळींत वाचला होता. यॉर्कमध्ये अख्खा वाचला, तोही भाडं वजा जाता चाळीस पौंडांत जगत असताना. माझी तुलना त्या कुटुंबांशी करायचा आगाऊपणा मी करणार नाही, माझ्या खोलीत रेडिएटर होता आणि परतीचं तिकीट काढलेलं होतं. पण बसला पैसा घालवायचा नाही, हे वाक्य वाचताना हसू आलं. त्या वर्षी इंग्लंडात बसचं तिकीट कुठूनही कुठे दोन पौंडांच्या वर जायचं नाही असं सरकारने ठरवून दिलेलं होतं आणि तिथल्या लोकांना ते स्वस्त वाटायचं. मी जायचे-यायचे मिळून चारशे रुपये मोजत पायी निघायचे. हेस्लिंग्टनहून वॉल्मगेटच्या वेशीपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. तास कमी, वाचन ढीगभर, प्राध्यापकांना नावाने हाक मारायची (मी शेवटपर्यंत नाव टाळून "एक्सक्यूज मी" वरच भागवलं), सत्तर गुण म्हणजे पहिला वर्ग आणि सत्तरच्या फार वर क्वचितच कुणी जातं. सेमिनार मात्र खरा कस लावणारा. बारा-पंधरा जण गोल बसतात, बाई एक प्रश्न टाकतात आणि गप्प राहतात. चांगल्या मिनिटभर गप्प. आपल्याकडे एवढ्या वेळात सरांनी उत्तर सांगून फळाही पुसला असता.

तिसऱ्या की चौथ्या सेमिनारला राउनट्रीची चर्चा चालली होती, जगात पहिल्यांदा असं मोजमाप झालं वगैरे. मी हात वर केला आणि दादाभाई नौरोजींचं नाव घेतलं. वर्गात कुणी ऐकलं नव्हतं; ते लंडनच्या फिन्सबरीमधून १८९२ मध्ये खासदार झाले होते, हेही नाही. दादाभाईंनी १८७० च्या दशकातच गणित मांडलं होतं: हिंदुस्थानात माणशी उत्पन्न वर्षाला वीस रुपये आणि नुसतं जिवंत राहायला लागतात चौतीस. चौतीस आणले कुठून? सरकार तुरुंगातल्या कैद्याला काय खायला घालतं आणि परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर काय शिधा देतं, त्या तक्त्यांवरून. म्हणजे सरकारने स्वतःच ठरवलेला माणसाचा किमान खुराक सरकारच्याच तोंडावर फेकला. दादाभाईंचं पुस्तक लंडनमध्ये निघालं तेही १९०१ मध्येच, राउनट्रीच्याच वर्षी. एकाने वर्कहाउस धरलं, एकाने तुरुंग.

बाईंनी लगेच ते फळ्यावर लिहिलं. दोन तारखा, खाली दोन तक्ते. मग मला म्हणाल्या, पुढचं सांग. मग मी पुण्याचं सांगितलं. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजचे २२५० कॅलरी हा पाया धरला आणि १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस अशी रेषा काढली. मी त्या संस्थेवरून रोज जाते आणि फाटकातल्या वडाखाली चहा पिते, हे मात्र सांगितलं नाही. आणि मग २०११ चं. नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात दिलेलं ते प्रतिज्ञापत्र, शहरात दिवसाला बत्तीस रुपये, खेड्यात सव्वीस. शेजारच्या मुलाने मोबाइलवर भाव काढला आणि म्हणाला, तीस पेन्स. वर्ग हसला. मला राग आला नाही, आपण नव्हतो का हसलो तेव्हा? पण तो वर्ग हसला म्हणून मी आणखी दहा मिनिटं बोलले, महागाई, शिधापत्रिका, कुठल्या वर्षाचे भाव, सगळं.

त्या तासानंतर माझं तिथलं बस्तान बसलं असं म्हणायला हरकत नाही. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला लोक इंडिया कसा आहे विचारतात. त्या दिवसापासून मला दादाभाईंच्या आकड्यांबद्दल विचारू लागले.

फ्लॅटमध्ये आम्ही सहा जणी आणि एक स्वयंपाकघर. आईने दोन किलो ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं, बार्शीची ज्वारी, बॅगेत विमानतळावर उघडून दाखवावी लागली ती. गॅस नाही, काचेची विजेची शेगडी, तवा म्हणून सपाट फ्राइंग पॅन. काठवटीच्या जागी सॅलडचा बाउल. पाणी केटलमधलं, कढत. भाकरी थापायला जागा ओट्याचा एक कोपरा, तो पुसून घ्यायचा, कारण आदल्या रात्री तिथे कुणीतरी वाइन सांडलेली असायची. पिठाची बाजू वर ठेवून पॅनमध्ये टाकली, पाणी फिरवलं, उलटली, इथवर सगळं घरच्यासारखं. घोळ पुढे. घरी आई तवा बाजूला करून भाकरी थेट जाळावर टाकते आणि ती टम्म फुगते. काचेच्या शेगडीला जाळच नाही. मग पॅनमध्येच पुन्हा उलटून, ओलं फडकं चौघडी करून कडेकडेने दाबत जायचं. वाफ एका जागी कोंडते, मग सरकते, मग पोट वर येतं. पूर्ण नाही, बारा आण्यांची भाकरी म्हणा.

शेजारच्या खोलीतली मुलगी हल शहराची. तिचे वडील बंदरावर कामाला. ती उभी राहून हे सगळं बघायची आणि मला तिच्या गोष्टी शिकवायची. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा पिवळी लेबलं लागतात, त्या दिवशी संपणारा माल पाव किमतीत मिळतो, आणि कुठल्या दुकानात किती वाजता लेबलवाला माणूस फिरतो हे तिला पाठ होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून फोडणी करायची नाही, हेही तिनेच सांगितलं. आत उष्णता ओळखणारं यंत्र असतं, ते मोहरीला दाद देत नाही. पण बाहेरच्या मार्गिकेत धूर ओळखणारं असतं. धूर तिथे पोचला की सगळी इमारत रात्री पायजम्यात गवतावर. आमच्या फ्लॅटने ही वेळ एकदा आणली, पण माझ्या फोडणीने नाही, स्पॅनिश मुलीच्या टोस्टने. तेवढं नोंदवून ठेवते.

पैशांवर ती हलची मुलगी आणि मी जेवढं बोललो तेवढं कुणाशीच बोलले नाही. इंग्लंडमध्ये सगळे सुखवस्तू, ही आपली समजूत. तिच्या घरी हिवाळ्यात हीटिंग किती वाजता चालू करायचं यावर भांडणं व्हायची. माझी जमाखर्चाची वही बघून ती म्हणाली, माझी आजी अशीच लिहायची, बिस्किटाच्या डब्यात पाकिटं ठेवायची, गॅसचं एक, भाड्याचं एक. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहितात, ते मी तिला सांगितलं.

राउनट्रीची माणसं जिथे दारोदार फिरली त्यातली एक वस्ती हंगेट. फॉस नदीच्या काठची, ओल धरलेली, सामाईक नळ आणि सामाईक संडासांची. १९३० च्या दशकात ती पाडली. पुढे तिथे उत्खनन झालं आणि आता नव्या कोऱ्या फ्लॅटच्या इमारती उभ्या आहेत, नदीकडे तोंड केलेल्या बाल्कन्यांच्या. मी आल्या आल्याच तिथे गेले. बघायला काही नाही. सायकली, कॅफे, कुत्र्याला फिरवणारी माणसं. शंभर वर्षांपूर्वी नदीकाठ नशिबी यायचा, आता त्यासाठी जास्तीचे मोजावे लागतात, एवढं डोक्यात आलं आणि परत फिरले.

नदी मात्र कुणाचं ऐकत नाही. ऊझ ही गावातली मोठी नदी, तिला पूर हा तिथे नेमाचा प्रकार. वर डोंगरात पाऊस झाला की दोन दिवसांनी पाणी गावात. किंग्ज स्टेथ म्हणून काठ आहे, तिथला किंग्ज आर्म्स हा पब पुरासाठीच प्रसिद्ध. आत पातळ्यांची पाटी लावली आहे, त्यात नोव्हेंबर २००० ची खूण माणसाच्या डोक्यावर. पाणी चढलं की लोक पुलावर उभे राहून फोटो काढतात. खडकवासल्यातून सोडलं की भिडे पुलाकडे जशी गर्दी होते, अगदी तशीच. राउनट्री पार्कही पाण्याखाली जातो. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कारखान्यातल्या कामगारांच्या स्मरणार्थ कंपनीने १९२१ मध्ये तो गावाला दिला.

हे राउनट्री घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. दारूविरोधी, युद्धविरोधी, साधं राहणारं. यॉर्कमध्ये त्यांचं नाव इतक्या ठिकाणी आहे की कधीकधी संशय येतो. मी विद्यापीठाच्या बोर्थविक अभिलेखागारात जाऊन बसायचे, कंपनीचे कागद तिथेच ठेवले आहेत. कुणालाही बघता येतात, पैसे पडत नाहीत. आधी कळवायचं, पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल. बांधीव खंड स्पंजच्या उतरत्या उशांवर ठेवून देतात, पाठ मोडू नये म्हणून. कारखान्याचं मासिक १९०२ पासूनचं. ते चाळायला मजा येते, पण मला हवं होतं ते त्यात नव्हतं: कोको येत होता कुठून? ते इतरत्र वाचावं लागलं. १८९० च्या दशकात कंपनीने कॅरिबियन बेटांवर मळे घेतले होते. पश्चिम आफ्रिकेच्या साओ टोमे बेटावरचा कोको गुलामांसारख्या राबवलेल्या माणसांच्या हातून येतो, हे कळूनही तो घेणं इंग्लंडच्या चॉकलेट कंपन्यांनी, त्यात राउनट्रीनेही, १९०९ मध्ये कुठे थांबवलं. त्याआधी वर्षानुवर्षं चर्चाच चालू होती. २०२१ मध्ये राउनट्रींच्या नावाने चालणाऱ्या ट्रस्टांनी हा वारसा जाहीरपणे मान्य केला.

म्हणून सीबोमची पाहणी खोटी ठरत नाही, माझं तरी तसं मत नाही. पण यॉर्कच्या मजुराला किती लागतं हे एवढ्या बारकाईने मोजणाऱ्या घराने कोको तोडणाऱ्याला किती लागतं हे मोजलं नाही, ते सेमिनारमध्ये म्हटल्याशिवाय मला राहवलं नाही. दादाभाई वाचून आलेल्या माणसाला पैसा वाहतोय कुणीकडे हे आधी दिसतं, त्याला इलाज नाही.

न्यू इअर्सविकलाही जाऊन आले. त्या दिवशी मात्र बसने. सीबोमचे वडील जोसेफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं हे आदर्श गाव. लाल विटांची जोडघरं, प्रत्येक घराला बाग आणि बागेत फळझाडं लावून दिलेली, मध्ये सभागृह. पब नाही. नोव्हेंबरात एका म्हातारबाबांनी कुंपणाशी सफरचंदांची टोपली ठेवली होती, फुकट घ्या अशी चिठ्ठी लावून. पाच-सहा घेतली. आंबट निघाली, चटणी केली, गूळ नव्हता म्हणून साखरेत.

डिसेंबरात दुपारी पावणेचारला अंधार पडायचा. त्या दिवसांत मी संध्याकाळी मिन्स्टरमध्ये, म्हणजे त्या कॅथीड्रलमध्ये, एव्हनसाँगला जाऊन बसायचे. एव्हनसाँग म्हणजे संध्याकाळची गाऊन केलेली प्रार्थना. एरवी आत जायला तिकीट आहे, आणि ते माझ्या वहीत बसणारं नव्हतं. प्रार्थनेला मात्र कुणालाही मुभा. समूहगायन ऐकायचं, उबेला बसायचं. शेजारी एक बेघर माणूस नेमाने येऊन बसायचा. आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख द्यायचो.

सत्राच्या शेवटाकडे बाईंनी एक काम दिलं, आणि मला विचाराल तर सगळ्या सत्राचं मोल त्यात वसूल झालं. सीबोमने स्वतःच १९३६ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा रेषेत वर्तमानपत्र आलं, रेडिओ आला, भेटवस्तू आल्या. जोसेफ राउनट्री फाउंडेशन आजही यॉर्कमध्ये आहे आणि त्यांच्या पैशाने २००८ पासून दर वर्षी एक किमान उत्पन्न काढलं जातं. ते तज्ज्ञ ठरवत नाहीत. साध्या माणसांचे गट बसवतात आणि त्यांनी वस्तूनिशी भांडून यादी करायची: समाजात माणूस म्हणून वावरायला काय लागतं. तज्ज्ञ फक्त आहार आणि इंधनाचं गणित तपासतात. बाई आम्हाला म्हणाल्या, आज तुम्ही गट. विद्यार्थ्याची यादी करा.

दोन तास रण माजलं. इंटरनेट लागतं यावर एकमत. हिवाळी कोट एक की दोन? महिन्यातून एकदा मित्रांबरोबर बाहेर बसणं धरायचं का? एक मुलगा म्हणाला, ती चैन. हलची मुलगी म्हणाली, कुणी बोलावलं की दर वेळी नाही म्हणणारा माणूस तिसऱ्या महिन्यात एकटा पडतो, मग हे धरणार कुठल्या खात्यात? माझी पाळी आली. मी म्हटलं, आमच्याकडे यादीत आहेर येईल. समजावून सांगायला वेळ लागला. लग्नाला रिकाम्या हाताने जाता येत नाही, न जाणं तर त्याहून वाईट. घेतलेला आहेर वहीत लिहून ठेवतात आणि तेवढाच, थोडा चढवून, फिरवावा लागतो. आई हातउसने करून आहेर करते आणि त्या महिन्यात स्वतःची गुडघ्याची गोळी आणत नाही. कॅलरीत हे कुठे मोजणार? दांडेकर-रथ यांच्या रेषेवर आमचं घर बऱ्यापैकी वर होतं. आईच्या यादीवर किती वेळा खाली गेलं असेल ते तिलाच माहीत.

तोच निबंध लिहिला. चौसष्ट गुण पडले. समासात बाईंचा शेरा होता की यादी चांगली आहे, पण ती तुझी आहे. बार्शीच्या बायकांना विचारलंस का?

विचारते आहे. एम. ए. च्या प्रबंधाला तोच विषय घेतला. आईच्या बचत गटातल्या बायका बुधवारी हप्ता भरायला जमतात, त्यानंतर तासभर देतात. वही माझी, भांडण त्यांचं. गॅस सिलिंडर, मुलीच्या क्लासची फी, मोबाइलचं रिचार्ज बिनतक्रार लिहिलं गेलं. पाहुण्याला चहा लिहिला, तर जनाकाकू म्हणाल्या, नुसता चहा नको लिहू, दुधाचा लिही. आहेरावर दोन बुधवार गेले. पंढरपूरच्या वारीचा खर्च धरायचा की नाही यावर गट सरळ दुभंगला आहे. आई धरायचा म्हणणाऱ्यांत आहे, आणि बाबा घरी बसून आकडा विचारत आहेत.